सोयाबीनचे साठ किलो कुठं गेले? व्हर्च्युअल आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथडबद्दल

मोंढा_रोड (लातूर)

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, कारण नुसता कोड टाकला तर प्रश्न कळणार नाही.

मी एकट्यानं छोटी सॉफ्टवेअरं करून देतो. गेल्या हंगामात तालुक्याच्या गावच्या एका शेतमाल खरेदी केंद्राला हिशोबपट्टीचा प्रोग्राम करून दिला, सी शार्प या भाषेत. ट्रॅक्टर आला, काट्यावर वजन झालं, ओलावा मोजला, की पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात.

केंद्राचा सोयाबीनचा नियम साधा होता. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असेल तर कपात नाही. त्याच्या वर जितके टक्के, तितके टक्के वजन कमी धरायचं. तूर, हरभरा, मूग, उडीद यांचे नियम नंतर सांगतो म्हणाले होते. म्हणून मी एक मूळ क्लास केला आणि त्याच्याखाली एकेका मालाचा क्लास. (क्लास म्हणजे साचा, त्यातलं एकेक काम म्हणजे मेथड. खालचा क्लास मूळ क्लासच्या मेथड घेतो आणि हव्या त्या स्वतःच्या लिहितो.) कीवर्ड वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहितोय:

    क्लास मालप्रकार
        कपात(ओलावा) : २ टक्के

    क्लास सोयाबीन, मूळ मालप्रकार
        कपात(ओलावा) : १२ च्या आत ०, नाहीतर ओलावा वजा १२

मूळ क्लासमधले ते २ टक्के कुणी सांगितलेले नव्हते. तिथं काहीतरी लिहायला पाहिजे म्हणून मी लिहिले होते.

तपासताना मी एक सोयाबीन ऑब्जेक्ट (त्या साच्यातून काढलेली वस्तू) केला, ओलावा ११ दिला, कपात ० आली. १५ दिला, ३ आली. बरोबर. केंद्र सुरू झालं. सोयाबीनचे पहिले पंधरा दिवस तक्रार नाही. दिवाळीनंतर एक आजोबा पट्टी घेऊन परत आले. ३० क्विंटल माल, ओलावा १०.५ लिहिलेला, आणि कपात ६० किलो. भाव ४,२०० होता, म्हणजे २,५२० रुपये. आजोबा म्हणाले, "आठ दिवस खळ्यावर पसरून खडखडीत वाळवून आणलाय माल. मग हे साठ किलो कामून कटले?"

मॅनेजरनं मला फोन लावला. मी तिथं गेलो, त्यांच्यासमोरच कॉम्प्युटर उघडला. सोयाबीन क्लास चांगला होता. त्यातली कपात कधी चाललीच नव्हती. पावतीच्या क्लासमध्ये माल ठेवायचा व्हेरिएबल 'मालप्रकार' या टाइपचा होता. मूळ मेथडला मी 'व्हर्च्युअल' लिहिलं नव्हतं, म्हणून प्रत्येक पट्टीवर मूळ क्लासचे २ टक्केच लागत होते. कंपायलरनं (कोड तपासून मशीनला कळेल असा करणारा प्रोग्राम) सांगितलं होतं. सीएस ०१०८ ही पिवळी वॉर्निंग: ही मेथड वरच्या मेथडला झाकते आहे, मुद्दाम असेल तर 'न्यू' लिहा. चाळीसेक वॉर्निंगमध्ये ती पडून होती.

आणि पंधरा दिवस कुणाच्या लक्षात का आलं नाही? हंगामाच्या सुरुवातीचा माल ओला होता, बराचसा १४ टक्क्यांच्या आसपास. १४ मधून १२ गेले की २ च राहतात. चुकीचं उत्तर योगायोगानं बरोबर येत होतं. ज्यानं माल वाळवला त्याचंच नुकसान झालं, आणि ज्यानं १६ टक्क्यांचा ओला आणला त्याला फायदा. हे मला फार लागलं.

आता माझा प्रश्न. एक मित्र म्हणतो, वर 'व्हर्च्युअल' लिही, खाली 'ओव्हरराइड' (वरची मेथड बदलतोय अशी खूण) लिही, विषय संपला. दुसरा म्हणतो, 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' कर. चालतं दोन्हीनं. पण योग्य काय, आणि का?

---

गोदातीर (नांदेड)

मी कॉलेजात हाच विषय शिकवते. भाऊ, आधी काय घडलं ते शब्दांत मांडते, मग तुमच्या प्रश्नाकडे येते.

मोंढ्यात थप्पीला पोती लागलेली असतात आणि पोत्यावर पाटी असते. पाटी म्हणजे व्हेरिएबलचा टाइप. पोत्यात खरोखर जे आहे ते ऑब्जेक्ट. तुमच्या पावतीतल्या पोत्यावर 'मालप्रकार' अशी पाटी होती आणि आत सोयाबीन होतं.

साधी मेथड असेल तर कंपायलर पाटी वाचून मोकळा होतो. कुठली कपात चालवायची हे प्रोग्राम सुरू होण्याआधीच ठरतं. त्याला पोत्यात हात घालायची परवानगीच नसते. व्हर्च्युअल मेथड असेल तर निर्णय चालताना होतो: पोत्यात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढायचे, काय आहे ते बघायचं, आणि त्या मालाची कपात लावायची.

तुमची तपासणी म्हणूनच फसवी निघाली. तिथं पाटीही सोयाबीनची आणि मालही सोयाबीनचा. दोन्ही सारखे असले की व्हर्च्युअल असो नसो, उत्तर एकच येतं. फरक तपासायचा असेल तर मूळ टाइपच्या व्हेरिएबलमध्ये खालच्या क्लासचा ऑब्जेक्ट ठेवूनच तपासायला हवं. मी मुलांना प्रॅक्टिकलला हेच सांगते, आणि निम्मी मुलं तरी 'सोयाबीन स = न्यू सोयाबीन' असं लिहून "मॅडम, चाललं" म्हणतात.

आता व्हर्च्युअल की अ‍ॅबस्ट्रॅक्ट. व्हर्च्युअल मेथड लिहिताना मूळ क्लास म्हणतो: माझं उत्तर हे आहे, तुझं वेगळं असेल तर तू सांग. अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिताना म्हणतो: या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुलाच द्यावं लागेल, दिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की ते २ टक्के कुणी सांगितलेले नव्हते. मग मूळ क्लासकडे उत्तर नव्हतंच. अ‍ॅबस्ट्रॅक्ट करा. नुसतं व्हर्च्युअल केलंत तर आजचा घोळ मिटेल, पण उद्या करडईचा क्लास घालताना कपात लिहायची राहिली तर तेच २ टक्के पुन्हा गुपचूप लागतील.

---

वाळूज_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

ताईंचं पटलं. पोत्यात हात घालतात म्हणजे मशीन नेमकं काय करतं ते लिहितो. मी सी प्लस प्लसवाला, कारखान्यातल्या मशीनचे प्रोग्राम लिहितो.

ज्या क्लासमध्ये एक तरी व्हर्च्युअल मेथड आहे त्या क्लाससाठी कंपायलर एक तक्ता तयार करतो, त्याला व्ही-टेबल म्हणतात. तक्त्यात मेथडचे पत्ते ओळीनं असतात. कपात पहिली असेल तर पहिल्या घरात, भाव दुसरी असेल तर दुसऱ्या घरात. सोयाबीनच्या तक्त्यात पहिल्या घरात सोयाबीनच्या कपातीचा पत्ता, तुरीच्या तक्त्यात त्याच घरात तुरीच्या कपातीचा. घराचा नंबर सगळीकडे तोच, पत्ता वेगळा. आणि प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात एक लपलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असतो, जो आपल्या क्लासच्या तक्त्याकडे बोट दाखवतो.

म्हणजे व्हर्च्युअल कॉल असा होतो: ऑब्जेक्टमधून तक्ता गाठ, तक्त्यातून पत्ता काढ, तिथं उडी मार. साध्या कॉलपेक्षा एक-दोन पायऱ्या जास्त. हिशोबपट्टीच्या प्रोग्राममध्ये हा खर्च जाणवणारसुद्धा नाही. प्रिंटरला कागद ओढायला लाखो पट वेळ लागतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सी प्लस प्लसमध्ये एक रिकामा क्लास करा आणि साइझ-ऑफ (त्याचं माप, बाइटमध्ये) छापा. १ येईल. त्यात एक व्हर्च्युअल मेथड घाला आणि परत छापा. ६४ बिटच्या मशीनवर ८ येईल. तो ८ बाइटचा पॉइंटर म्हणजे पोत्यात हात घालायची सोय.

'व्हर्च्युअल' हा शब्द सिम्युला ६७ या भाषेतून आलाय. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी ती केली. एका क्लासवरून दुसरा क्लास काढायची कल्पना त्यांना पुलावरच्या टोलनाक्यापुढं लागलेल्या ट्रक-बसच्या रांगेचा विचार करताना सुचली. रांगेत उभं राहणं सगळ्यांचं सारखं, बाकी ज्याचं त्याचं. हंगामात काट्यापुढं लागलेली ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्यांची रांग बघितली की मला तेच आठवतं. दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

सी प्लस प्लसचे जनक ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी व्हर्च्युअलची कल्पना सिम्युलातूनच आपल्या भाषेत आणली. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मात्र आमच्याकडे वेगळ्या कपड्यात आहे. आम्ही मेथडपुढं '= ०' लिहितो आणि तिला प्युअर व्हर्च्युअल म्हणतो. तो शून्य विचित्र वाटतो, पण त्याचं कारण त्यांनीच लिहून ठेवलंय: १९८९ च्या २.० आवृत्तीत हे घालताना नवा कीवर्ड कुणी मान्य करेल असं त्यांना वाटत नव्हतं.

---

परभणीचा_शिकाऊ

मॅडम, दादा, मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये एवढंच आहे: "व्हर्च्युअल मेथडला बॉडी (आतला कोड) असते, अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथडला बॉडी नसते." दोन मार्काला आम्ही हेच लिहितो. हे चुकीचं आहे का?

दुसरं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासचा ऑब्जेक्ट करता येत नाही म्हणतात. मग त्याला कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड) कशाला असतो? आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये सगळ्याच मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट असाव्या लागतात का?

---

गोदातीर (नांदेड)

बाळा, चुकीचं नाही, पण ती नुसती वरची साल झाली. सी शार्प आणि जावाच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथडला बॉडी नसते हे खरं. सी प्लस प्लसमध्ये प्युअर व्हर्च्युअललाही बॉडी देता येते, तरी खालच्या क्लासला ती मेथड लिहावीच लागते. म्हणजे खरा मुद्दा बॉडीचा नाही, सक्तीचा आहे. आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड ही व्हर्च्युअलच असते. पोत्यात हात घालणं तिथंही आहेच. फक्त मूळ क्लासच्या घरात पत्ता लिहिलेला नसतो.

सगळ्या मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट असाव्या लागत नाहीत. एकही नसली तरी सी शार्प-जावात क्लासला अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिता येतं. एक जरी असली तर मात्र क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहावाच लागतो. कारण सरळ आहे: 'मालप्रकार' नावाचा माल मोंढ्यात कुणी आणत नाही. कुणी तूर आणतो, कुणी हरभरा आणतो. नुसता 'माल' कधी पोत्यात नसतो.

कन्स्ट्रक्टर लागतो, कारण सोयाबीनचा ऑब्जेक्ट तयार होताना त्याच्या पोटात मालप्रकाराचा भागही तयार होतो. मालाचं नाव, आजचा भाव, असल्या सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी तो कन्स्ट्रक्टर भरतो. तो कुणी थेट हाक मारून बोलावत नाही, खालचा क्लास बोलावतो.

---

मोंढा_रोड (लातूर)

शिकाऊ भाऊ, सगळ्या मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट का नसतात ते मला आमच्या येळवशीवरून समजलं. परभणीकडं एवढी नसेल, पण लातूर-धाराशिवला वेळ अमावस्येला गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप करायची, पाच पांडवांची पूजा करायची, मग पंगत. हा क्रम प्रत्येक शेतात तोच. पण भज्जीत काय पडेल आणि आंबील किती आंबट असेल हे घराघरावर आहे. आमच्या आईची आंबील आणि शेजारच्या काकूंची आंबील एका घोटात ओळखू येते.

माझी पट्टी तशीच आहे. पट्टी_काढ ही मेथड मूळ क्लासमध्येच राहील आणि साधी राहील, कुणी बदलायची नाही: एकूण वजन घे, बारदाना वजा कर, कपात विचार, उरलेल्याला भावानं गुण, हमाली-तोलाई वजा कर, छाप. यातली 'कपात विचार' एवढी एकच पायरी अ‍ॅबस्ट्रॅक्ट. क्रम वरच्याचा, उत्तर खालच्याचं.

---

वाळूज_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

याला टेम्प्लेट मेथड म्हणतात. १९९४ च्या डिझाइन पॅटर्नच्या प्रसिद्ध पुस्तकात चार लेखकांनी २३ पॅटर्न दिलेत, त्यातला हा एक. मोंढा_रोड भाऊंनी पुस्तक न उघडता तो गाठला.

---

बिंदुसरा (बीड)

माझं थोडं वेगळं मत आहे, आणि ते अनुभवातून आलेलं आहे.

मी जावात आणि पायथनमध्ये काम करतो, बीडमधूनच, घरून. अ‍ॅबस्ट्रॅक्टची सक्ती छान वाटते, पण मूळ क्लास तुमच्याच ताब्यात आणि खालचे क्लासही तुमच्याच ताब्यात असतात तोवर. खालचे क्लास दुसऱ्यांनी लिहिलेले असतील तर मूळ क्लासमध्ये एक नवी अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड घातली की सगळ्यांचा कोड त्याच दिवशी मोडतो. जावालाही हे भोगावं लागलं. २०१४ साली जावा ८ मध्ये कलेक्शनच्या इंटरफेसमध्ये (बॉडी नसलेल्या मेथडची यादी, जी क्लासनं पुरी करायची) नव्या मेथड घालायच्या होत्या. जगभर लोकांनी ते इंटरफेस वापरून क्लास लिहिलेले होते. तशीच मेथड घातली असती तर ते सगळे क्लास अडले असते. म्हणून इंटरफेसमध्येच बॉडी देता येईल अशा डिफॉल्ट मेथड आणल्या. म्हणजे 'माझं उत्तर हे घ्या, हवं तर बदला' हे कधी कधी गरजेचं असतं.

हंगामाच्या ऐन गर्दीत दहा वाजता करडईचा ट्रॅक्टर आला आणि तुमचा प्रोग्राम कंपाइलच होत नाही, तर रांग थांबेल. त्यापेक्षा डिफॉल्ट ० ठेवा. शेतकऱ्याचं नुकसान तर होणार नाही.

दुसरं, मूळ दुखणं भाषेचं आहे. जावात स्टॅटिक, प्रायव्हेट, फायनल सोडून बाकी सगळ्या मेथड आपोआप व्हर्च्युअल असतात. पायथनमध्येही मेथड ऑब्जेक्टच्या क्लासवरूनच शोधली जाते. तिथं हा घोळ झालाच नसता.

---

मोंढा_रोड (लातूर)

बिंदुसरा भाऊ, डिफॉल्ट ० बद्दल मी रात्रभर विचार केला. मन तिकडंच ओढ घेतं, कारण आजोबांचा चेहरा डोळ्यांपुढं आहे. पण ० हेसुद्धा मी मनानं घातलेलंच उत्तर झालं ना? करडईला कपात किती हे मला माहीत नाही. माहीत नसताना २ लिहिले ते जसं चूक, तसं माहीत नसताना ० लिहिणंही चूकच. फरक एवढाच की पैसे दुसऱ्याच्या खिशातून जातील. केंद्र शेतकऱ्यांचंच आहे, तोटा परत त्यांच्याच वाट्याला.

आणि कंपाइल होणं अडतं ते माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर. काट्यावर जो प्रोग्राम चालू आहे तो चालूच राहतो. रांग थांबत नाही.

---

गोदातीर (नांदेड)

बिंदुसरा दादांचा जावा ८ चा दाखला महत्त्वाचा आहे, तो सोडून देऊ नये. डिफॉल्ट खरा असेल तर व्हर्च्युअल मेथड योग्यच आहे. मोंढा_रोड भाऊ, तुमच्याच प्रोग्राममध्ये पट्टीवर मालाचं एकक छापायची मेथड असेल. उत्तर 'क्विंटल'. हे खरं डिफॉल्ट आहे, जवळजवळ सगळ्या मालाला लागू. ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट करून प्रत्येक क्लासमध्ये 'क्विंटल, क्विंटल' लिहायला लावणं म्हणजे उगाच हमाली.

आणि बारदाना? तो मालावर अवलंबून नाहीच, पोत्यावर आहे. ज्यूटचं पोतं वेगळं भरतं, प्लॅस्टिकचं वेगळं. तुरीच्या क्लासमध्ये बारदान्याची मेथड असेल तर ती व्हर्च्युअल असावी की अ‍ॅबस्ट्रॅक्ट हा प्रश्नच चुकीचा. ती तिथून बाहेर काढा.

भाषेच्या दुखण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. सी शार्पमध्ये मेथड आपोआप व्हर्च्युअल का नाहीत, यावर सी शार्पचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग यांनी दोन कारणं दिली आहेत. एक वेगाचं आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, आवृत्त्यांचं. समजा तुम्ही दुसऱ्याच्या क्लासवरून क्लास काढला आणि 'तपासा' नावाची स्वतःची मेथड लिहिली. पुढच्या वर्षी त्यांनी मूळ क्लासमध्ये त्याच नावाची मेथड घातली, वेगळ्याच अर्थाची. सगळं आपोआप व्हर्च्युअल असेल तर तुमची मेथड नकळत त्यांच्या जागी चालायला लागते. सी शार्प म्हणतं: वरच्यानं 'व्हर्च्युअल' लिहून परवानगी द्यावी, खालच्यानं 'ओव्हरराइड' लिहून हेतू सांगावा. दोन्ही सह्या झाल्या तरच व्यवहार. जावानंही नंतर २००४ साली ओव्हरराइडची खूण आणली, सी प्लस प्लसनं २०११ साली 'ओव्हरराइड' शब्द आणला. म्हणजे हेतू सांगण्याची गरज सगळ्यांनाच पटली.

भाऊंनी सोयाबीनच्या मेथडवर नुसतं 'ओव्हरराइड' लिहिलं असतं तरी कंपायलरनं तिथंच लाल केलं असतं: वरची मेथड व्हर्च्युअल नाही, ओव्हरराइड कसली करताय? म्हणून मी मुलांना सांगते, खालच्या क्लासमध्ये मेथड लिहिताना हात आपोआप 'ओव्हरराइड'कडे जायला हवा. आणि वॉर्निंगला एरर धरायची सेटिंग चालू ठेवा.

---

बिंदुसरा (बीड)

आवृत्त्यांचा मुद्दा मान्य. डिफॉल्ट ० चा मात्र अजून पूर्ण नाही. लायब्ररी (इतरांनी वापरायचा कोड) लिहिणाऱ्याला डिफॉल्ट न देण्याची चैन परवडत नाही. पण एका माणसाच्या प्रोग्राममध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्ट चांगलं, हे कबूल.

पायथनवाल्यांसाठी एक सांगतो. तिथं बरेच जण मूळ मेथडमध्ये 'नॉट इम्प्लिमेंटेड एरर' फेकतात आणि तिला अ‍ॅबस्ट्रॅक्ट समजतात. ती ओरडते, पण कुणी ती मेथड चालवली तरच. मुगाची पहिली पट्टी निघेपर्यंत पत्ता लागत नाही. त्याऐवजी एबीसी मॉड्यूल वापरा, २००८ पासून पायथनमध्ये आहे. त्यातली अ‍ॅबस्ट्रॅक्टमेथड ही खूण लावली की मेथड न लिहिलेल्या क्लासचा ऑब्जेक्टच तयार होत नाही, तिथंच टाइप एरर. सी शार्पइतकं आधी कळत नाही, पण मेथड चालायच्या आधी कळतं.

---

वाळूज_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

एक खड्डा सांगायचा राहिला. मी स्वतः त्यात पडलोय.

पूर्वीच्या एका नोकरीत आमच्या प्रोग्राममध्ये 'यंत्र' नावाचा मूळ क्लास होता. त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून तयारी नावाची मेथड चालायची, आणि तयारी मधून तपासणी ही व्हर्च्युअल मेथड. मूळ तपासणी रिकामी होती. प्रेस मशीनचा क्लास मी लिहिला, त्यात तपासणीमध्ये तेलाच्या दाबाची मर्यादा बघितली. कंपाइल झालं, मशीन चाललं. काही महिन्यांनी एका दुसऱ्याच कामासाठी तपासणीत ब्रेकपॉइंट (प्रोग्राम तिथं थांबवायची खूण) लावला तर तो लागेचना. माझी तपासणी सुरू होताना कधी झालीच नव्हती.

कारण असं: सी प्लस प्लसमध्ये आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो. तो चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट अजून प्रेस झालेलाच नसतो, तो नुसता यंत्र असतो. त्याचा लपलेला पॉइंटर तेव्हा यंत्राच्या तक्त्याकडे बोट दाखवतो. म्हणून व्हर्च्युअल असूनही मूळचीच मेथड चालते.

मग मी मूळ तपासणी प्युअर व्हर्च्युअल केली. प्रोग्राम सुरू होताक्षणी 'प्युअर व्हर्च्युअल मेथड कॉल्ड' असं छापून मेला. आमच्या साहेबांना वाटलं मी बिघडवलं. पण बिघाड आधीपासून होता, आता तो बोलायला लागला होता. मग तयारी कन्स्ट्रक्टरमधून काढली आणि ऑब्जेक्ट पूर्ण झाल्यावर वेगळी हाक मारली.

सी शार्प आणि जावात उलट होतं. तिथं मूळ कन्स्ट्रक्टरमधूनही खालच्याच क्लासची मेथड चालते, पण खालच्या कन्स्ट्रक्टरची बॉडी अजून चाललेली नसते. त्यात भरायची मर्यादा तोवर ० किंवा नल (रिकामी) असते. मोंढा_रोड भाऊ, मालप्रकाराच्या कन्स्ट्रक्टरमधून कपात विचारू नका एवढंच.

सी प्लस प्लसवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: मूळ क्लासच्या पॉइंटरवरून ऑब्जेक्ट डिलीट करणार असाल तर डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट मोडताना चालणारी मेथड) व्हर्च्युअलच पाहिजे.

---

मोंढा_रोड (लातूर)

काय केलं ते सांगतो.

मालप्रकार अ‍ॅबस्ट्रॅक्ट केला, कपात अ‍ॅबस्ट्रॅक्ट केली, सोयाबीनच्या कपातीवर ओव्हरराइड लिहिलं आणि बिल्ड मारला. मला वाटलं होतं हिरवं होईल. चार एरर आल्या: तूर, हरभरा, मूग, उडीद. "वरून आलेली अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड लिहिलेली नाही." चारही क्लासमध्ये मी कपात लिहिलीच नव्हती, केंद्राकडून नियम यायचे होते म्हणून. ते राहूनच गेलं होतं, आणि उडीद-मुगाच्या पट्ट्या तर सोयाबीनच्या आधीपासून निघत होत्या.

त्या चार लाल ओळींपुढं बराच वेळ बसलो. मग मॅनेजरना फोन लावून एकेक नियम विचारला. उडदाचा सोयाबीनसारखाच निघाला. मुगाला ओलाव्याबरोबर डागी दाणेही मोजायचे होते, म्हणजे माझ्या मेथडला नुसता ओलावा देऊन भागणार नव्हतं, पूर्ण नमुना द्यायला हवा होता. म्हणून कपात(ओलावा) च्या जागी कपात(नमुना) केलं. तुरीचा नियम त्यांनाही पक्का माहीत नव्हता, त्यांनी बैठकीत ठरवून कळवला. व्हर्च्युअल करून सोडून दिलं असतं तर ही चौकशी झालीच नसती.

मग दोन दिवस केंद्रावर बसून जुन्या सगळ्या पट्ट्या नव्या हिशोबानं परत काढल्या. ज्यांचे पैसे कमी गेले होते त्यांची यादी भिंतीला लावली, फरक दिला. ज्यांना जास्त गेले त्यांच्याकडून मागायचे नाहीत असं संचालकांनी ठरवलं. आजोबांना मी स्वतः २,५२० रुपये नेऊन दिले. त्यांनी नवी पट्टी हातात घेऊन बोटानं एकेक ओळ वाचली, कपातीच्या ओळीवर थांबले, ० बघितला आणि विचारलं, "आता तुरीलाबी असंच हाय ना?" म्हटलं, तुरीचा नियम वेगळा आहे, पण आता तो लिहिलेला आहे.

---

परभणीचा_शिकाऊ

मी काल रात्री होस्टेलवर सगळं करून बघितलं. साइझ-ऑफ आधी १ आला, व्हर्च्युअल घातल्यावर ८. मॅडमनी सांगितलं तसं मूळ टाइपच्या व्हेरिएबलमध्ये खालचा ऑब्जेक्ट ठेवून बघितलं, व्हर्च्युअल काढलं की २ येतात, घातलं की ०. रूममधल्या तिघांनाही दाखवलं.

पण मी सी प्लस प्लसमध्ये पॉइंटरऐवजी व्हेक्टरमध्ये (ओळीनं ठेवलेली यादी) थेट ऑब्जेक्ट ठेवले तर व्हर्च्युअल असूनही २ च येतात. असं का?

---

वाळूज_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

शाब्बास, बरोबर जागी पोचलास. त्याला स्लाइसिंग म्हणतात. मालप्रकाराचा व्हेक्टर म्हणजे मालप्रकाराच्या मापाचे डबे. त्यात सोयाबीन ठेवायला गेलास की फक्त मालप्रकाराचा भाग उतरवून घेतला जातो, सोयाबीनचा भाग बाहेरच राहतो. डब्यात आता सोयाबीन नाहीच, त्यामुळं हात घातला तरी मालप्रकारच हाताला लागतो. व्हेक्टरमध्ये पॉइंटर ठेव, युनिक पॉइंटर (काम झालं की ऑब्जेक्ट आपोआप डिलीट करणारा) ठेवलास तर उत्तम.

आणि आता कपातीपुढं '= ०' लिहून तोच व्हेक्टर परत करून बघ. या वेळी कंपायलर काय म्हणतो ते इथं लिही.

---

परभणीचा_शिकाऊ

कंपाइलच होईना दादा. मालप्रकार अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे, त्याचा ऑब्जेक्ट करता येत नाही म्हणतोय. आता युनिक पॉइंटर घालून बघतो.